कॅमेऱ्यातली दुसरी वायर

इस्माईलभाई, परवा कॅमेरा उघडला. तुम्ही गेल्यापासून तेवीस दिवस तो शेडमधल्या लाकडी पेटीत तसाच पडून होता. हात लावायला मन होत नव्हतं हे खरं, पण उघडावा लागला तो साध्या कारणाने. चालू केला तर आतल्या काचेवर बर्फ धरायला लागला. ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे दमट झाले की बर्फ धरतो, आणि ते दाणे काढून, भाजून, परत भरायचं काम कायम तुमचं. सहा वर्षांत मी ते चार स्क्रू एकदाही फिरवले नव्हते.

स्क्रू काढले, मागचं झाकण उचललं, आणि आत दोन वायरी दिसल्या. तापमान मोजणारी एकच असायला हवी होती. मीच बसवलेली, लाल रंगाची. दुसरी केसासारखी बारीक, पिवळसर, चिपच्या अगदी पाठीला चिकटवलेली. ती माझी नव्हती.

वायरीकडे येतो. आधी बाकीचं बोलू द्या, कारण मी नेहमी थेट मुद्द्यावर यायचो आणि तुम्ही म्हणायचात, "च्या घेऊ, मग सांगा." या वेळी तुमच्या पद्धतीने सांगतो.

हे दौंडच्या आपल्या आकाशमंडळींच्या अंकात छापून येणार आहे, म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही चार वाचकांसाठी लिहाव्या लागतील. कंटाळा करू नका. मी सणसवाडीला कारखान्यात क्वालिटीत. माझं काम मापांची मापं काढायचं. व्हर्नियर, प्रेशर गेज, थर्मामीटर मास्टरशी, म्हणजे प्रमाण मापाशी, ताडून बघायचे, बरोबर असले तर हिरवं स्टिकर लावायचं, नसले तर लाल. माझं पोट या स्टिकरवर चालतं आणि थोडा माजही त्याच्यावरच. न्हावऱ्याला कांद्याच्या वावराच्या कडेला मी पत्र्याची शेड बांधली होती, छप्पर रुळावर सरकणारं. त्यात दुर्बीण. आणि दुर्बिणीला लावायला सुट्या भागांतून जोडलेला एक कॅमेरा, ज्याची चिप नखाएवढी.

ती चिप थंड ठेवावी लागते. पाच-पाच मिनिटं उघडी ठेवली तर ती स्वतःच्या उष्णतेने खोटे ठिपके तयार करते, आणि आकाशाच्या फोटोवर कुणी मीठ सांडल्यासारखं दिसतं. थंड केली की मीठ कमी होतं. उरलेलं काढायला दुर्बिणीचं झाकण बंद करून, तेवढाच वेळ आणि तेवढ्याच थंडाव्यात काळे फोटो घ्यायचे. त्यांना आम्ही डार्क म्हणतो. खऱ्या फोटोतून डार्क वजा केले की मीठ जातं. अट एकच, दोन्हीचं तापमान सारखं पाहिजे.

आपली ओळख या थंडाव्यानेच झाली. तुम्ही न्हावऱ्याच्या डेअरीवर दूध गार करायची टाकी दुरुस्त करायला आला होतात. मी तुमच्याकडे उष्णता वाहणारी पेस्ट मागितली.

"कशाला पायजे?"

"एक वस्तू उणे दहाला न्यायचीय."

"केवढी हाय?"

मी करंगळीचं नख दाखवलं.

तुम्ही पाना खाली ठेवला आणि गंभीरपणे विचारलंत, "एवढुशा दुधाला गिऱ्हाईक कोण?"

त्याच संध्याकाळी तुम्ही शेडवर आलात. मी तुम्हाला मोठ्या हौसेने चंद्र दाखवला. तुम्ही बघितलात, "चांगला हाय" म्हणालात, आणि मग पाऊण तास कॅमेऱ्याच्या पंख्यामागे हात धरून उभे राहिलात. चंद्रापेक्षा तुम्हाला बाहेर पडणाऱ्या गरम हवेचं कौतुक जास्त. मला तेव्हा हसू आलं होतं. आता कळतं की त्या शेडमध्ये आलेल्या सगळ्या पाहुण्यांत खरी गोष्ट बघणारे तुम्ही एकटेच होतात.

मग सहा हिवाळे. शिरूरहून तुमची एमएटी गाडी यायची, हँडलला पिशवी, पिशवीत व्होल्ट आणि तापमान दोन्ही दाखवणारं मीटर. सूर्य मावळला की आपली दहा-बारा मिनिटांची ओढाताण. तेवढ्याच वेळात आभाळ हवं तसं फिकट असतं, आणि दुर्बिणीच्या तोंडाला पांढरं कापड बांधून त्याचे फोटो घ्यावे लागतात, म्हणजे काचेवरच्या धुळीचे डाग कुठे आहेत ते कळतं आणि नंतर काढता येतात. नेमकी तीच तुमच्या मगरीबच्या नमाजाची वेळ. तुम्ही बांधावर पंचा अंथरायचात, मी कापडाच्या गाठी मारायचो. वाऱ्याने कापड सुटलं तर धरायला दुसरा माणूस नसायचा. मी चिडचिड करायचो, तुम्ही सलाम फेरून शांतपणे यायचात आणि म्हणायचात, "आभाळाची वाट कशाला बगता? पांढरा दिवा लावा, कापड लावा, दिवसाढवळ्या फोटू काढा." मी म्हणायचो, दिव्याचा उजेड सगळीकडे सारखा पडत नाही. तुम्ही म्हणायचात, पाडता येतो. हा वाद राहिलाच. तो मी सोडलेला नाही, इस्माईलभाई. आभाळच बरोबर.

दुसरा वाद मात्र मोठा होता, आणि तो तापमानाचा.

डार्क मी रविवारी दुपारी घरी घ्यायचो. कॅमेरा खाटेवर, लॅपटॉप शेजारी, पडद्यावर उणे दहा. रात्री शेडमध्येही पडद्यावर उणे दहाच. आकडा सारखा, मग थंडावा सारखा. रात्रीचा वेळ डार्कवर कशाला घालवायचा. तरीही फोटोत मीठ उरायचंच. तुम्ही तो फोटो बघितलात आणि एका वाक्यात निकाल लावलात.

"दुपारचं न् रातचं एक न्हाई, साहेब."

"पडद्यावर बघा. उणे दहा आणि उणे दहा."

"पडदा काय म्हणतोय त्ये सोडा. दूध काय म्हणतंय त्ये बगा." मग तुम्ही मला डेअरीची टाकी समजावलीत. "काटा भिताडाला असतुया. भिताड म्हणतं चार. मधलं दूध आठ असतंय. भायेर ऊन असलं की फरक जास्ती, गारठा असला की कमी. म्हून मी पयलं दूध हलवतो, मग थर्मामीटर बुडवतो."

मी म्हणालो की हा सेन्सर कारखान्यातल्या मास्टरशी मी स्वतः ताडून बघितलाय, अर्ध्या अंशाचा फरक नाही. तो हिरवं स्टिकर लावण्यासारखा आहे. तुम्ही म्हणालात, "सेन्सर खोटा हाय कुठं म्हणलो? त्यो चुकीच्या जागी हाय, आसं म्हणतोय." चिपच्या पाठीला एक बारीक वायर चिकटवू द्या, माझ्या मीटरवर बघतो, अशी तुमची मागणी. मी नाही म्हणालो. माझ्या कॅमेऱ्यात कुणाची दुसरी वायर नको. हे शब्द मी याच पद्धतीने बोललो होतो, तुम्हाला आठवत असेल.

आता दौंडचं सांगतो. जे मला तुम्ही असताना सांगता आलं नाही ते हेच.

दौंडला शाळेच्या हॉलमध्ये मंडळींनी मला बोलावलं होतं. मृगातल्या पट्ट्याजवळचा घोड्याच्या डोक्यासारखा काळा ढग, त्याचा फोटो मी मोठा छापून नेला होता. तुम्ही दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. कार्यक्रम झाल्यावर एका शिक्षकांनी विचारलं, काळ्या भागात हे पांढरे कण कसले? प्रश्न चांगला होता. मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात तुम्ही उभे राहिलात.

"त्याचं आसं हाय, की चिप आन्..."

मी हात वर करून तुम्हाला थांबवलं आणि लोकांकडे बघून म्हणालो, "हे आमचे फ्रीजवाले. मदतीला असतात. कॅमेऱ्याचं मी सांगतो."

दोघं-चौघं हसले. तुम्ही खाली बसलात. नंतर चहाबरोबर बिस्किट घेतलंत, त्या शिक्षकांना त्यांच्या घरच्या फ्रीजबद्दल काही सांगितलंत, आणि परतताना माझ्या मोटरसायकलवर मागे बसून पूर्ण रस्ताभर बोललात ते वडगाव रासाईच्या कुणा मेहुण्याच्या बोटीच्या इंजिनाबद्दल. न्हावऱ्याला उतरताना म्हणालात, "फोटू झ्याक दिसत व्हता." बस. मी त्या रात्री शांत झोपलो, हेही लिहून ठेवतो. लाज मला नंतर आली, हळूहळू, आणि आली तेव्हा फार उशीर झाल्यासारखं वाटलं. आठ दिवसांच्या आत माफी मागितली तर ती माफी. वर्षाने मागायची म्हणजे आधी सगळं उकरून काढायचं. मी रोज उद्यावर ढकललं.

पुढच्या हिवाळ्यात फोटो साफ यायला लागले.

मीठ गेलं. घोड्याच्या डोक्यामागचा फिका उजेडसुद्धा दिसायला लागला. मी पाचाऐवजी वीस डार्क घ्यायला लागलो होतो, त्यामुळेच हे झालं असं मी ठरवून टाकलं. शेडमध्ये तुम्हाला ऐकवलंही. "बघा, आकडा बरोबरच होता. डार्क कमी पडत होते." तुम्ही मीटर पिशवीत घालत होतात. मीटर कशाला आणता असं मी एकदा विचारलं होतं, तर बॅटरी बघायला, म्हणालात. तुम्ही वर न बघता म्हणालात, "व्हय की."

पुन्हा दौंडला गेलो तेव्हा मी पंधरा मिनिटं आकड्यांवर विश्वास ठेवण्याबद्दल बोललो. दुसऱ्या रांगेत बसून तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

तर ती वायर. परवा तिच्यावर बोट ठेवून मी मागे-मागे गेलो. चिपच्या पाठीवरून निघून ती मुख्य केबलच्याच भोकातून बाहेर येत होती, आणि बाहेर काळ्या टेपखाली गुंडाळलेली होती. ती टेप मी चार हिवाळे बघत होतो. केबल ढिली होऊ नये म्हणून तुम्ही लावली असेल असं मला वाटायचं. टेप सोलली तर टोकाला छोटा दोन पिनांचा प्लग. तसा प्लग तुमच्या मीटरला लागतो.

मग लॅपटॉप उघडला. रोज कारखान्यात दुसऱ्यांना तारखा विचारणारा मी, माझ्याच डार्कच्या फायलींच्या तारखा कधी बघितल्या नव्हत्या. मी डार्क घ्यायचो रविवारी. या चार हिवाळ्यांतल्या फायली सगळ्या बुधवारच्या. दर दोन-तीन आठवड्यांनी बुधवारी कॅमेरा तुमच्याकडे असायचा, दाणे भाजायला. "बंद केल्यावर गार होतोय का बगाया लागंल, लॅपटॉप बी द्या," असं तुम्ही म्हणायचात. डार्क कसे घ्यायचे ते मीच तुम्हाला शिकवलं होतं, एका दुपारी, जरा वरच्या पट्टीत. तुम्ही माझे वीस पुसून त्याच नावाने तुमचे वीस ठेवत होतात.

काल कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन शिरूरला दुकानावर गेलो. भाभींनी शटर वर करून दिलं. मागच्या खोलीत तो जुना, एका दाराचा फ्रीज आहे, गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही म्हणून तुम्ही ठेवून घेतलेला. उघडला. मधली जाळी कापून तिथे फळी बसवलेली, फळीला माझ्या कॅमेऱ्याच्या मापाचं भोक. दाराच्या रबराला केबलपुरती खाच. उजेड नको म्हणून आतला बल्ब काढलेला. आणि दाराच्या आतून तुमच्या अक्षरात, जाड पेनाने:

"साहेबाचा पडदा १०. चिप ७. हवा ११. दुपारी खाटेवर चिप ३."

हवेचा सोडून बाकी आकडे उणे. म्हणजे शेडमध्ये तुम्ही बॅटरी बघत नव्हतात. थंडीत चिप खरोखर किती गार असते ते तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून मोजलंत, आणि मग दुकानात त्या जुन्या फ्रीजमध्ये जानेवारीतल्या न्हावऱ्याची हवा तयार केलीत. माझी खाटेवरची दुपार चार अंशांनी चुकत होती. माझा सेन्सर अर्ध्या अंशाचाही खोटा नव्हता. तो तांब्याच्या ठोकळ्यात बसला होता आणि ठोकळ्याबद्दल खरं बोलत होता. चिपबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मी फ्रीजसमोर खाली बसलो. भाभी दारात उभ्या होत्या. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. "पर बुधवारी फ्रीजला हात लावू द्यायचे न्हाईत. म्या म्हणलं, साहेबाला सांगून टाका की. तर म्हणले, त्यांचं समदं काम आकड्यावर हाय. आकडा चुकला म्हणलं की माणूस हलतो. फोटू चांगला आला म्हंजी झालं."

खरं सांगतो, आधी मला राग आला. माफी मागायला गेलेला माणूस रागवतो हे तुम्हालाच पटेल. चार हिवाळे ज्या फोटोंवर मी भाषणं ठोकली ते तुमच्या डार्कवर उभे होते, आणि तुम्ही टाळ्या वाजवत बसलात. एकदा तोंडावर फेकायचं होतंत की. दौंडच्या हॉलमध्ये नाही, तर मोटरसायकलवर. मी दोन दिवस फुगलो असतो, मग आलो असतो. तुम्ही मला तेवढंही लहान होऊ दिलं नाहीत, आणि त्यामुळे मोठं व्हायची संधीही गेली. तुमच्याबद्दलची ही एकच तक्रार आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

राग उतरायला भाभींचा चहा पुरला. मग नुसतं रडू आलं. अशा प्रत्येक बुधवारी स्टुलावर बसून, पाच-पाच मिनिटांचे वीस काळे फोटो, मध्ये गिऱ्हाईक आलं तर त्याला बसवून ठेवून. ज्याला "कॅमेऱ्याचं मी सांगतो" ऐकवलं त्याने माझ्यासाठी हे केलं. माझ्या आयुष्यात इतकं काळजीपूर्वक काम माझ्यासाठी कुणी केलेलं नाही, आणि हे मी क्वालिटीचा माणूस म्हणून बोलतोय.

मग भाभींनी लोणच्याची एक छोटी बरणी हातात दिली. झाकणाला मेण लावून बंद केलेली. "तुमचं दाणं. त्यांनी भाजून ठिवल्यालं." बघितलं तर दाणे अजून निळे होते. ओले झाले की गुलाबी होतात, निळे म्हणजे कोरडे ठणठणीत. ते भरून मी कॅमेरा बंद केला. पिवळी वायर तिच्या जागी ठेवली, नवी टेप लावली. मीटर भाभींनी मलाच दिलं.

काल दुपारभर दुकानातच थांबून यंदाचे डार्क घेतले. जुने टिकत नाहीत, वर्षा-दोन वर्षांत चिप म्हातारी होते आणि नवे घ्यावे लागतात, हे तुम्हाला माहीत आहे. फ्रीजचं बटण तुमच्या खुणेवर ठेवलं. पडद्यावर उणे दहा, मीटरवर उणे सात. फायलींना मी नाव दिलं उणे सात. तुमचे बुधवारचे वीस वेगळ्या सीडीवर उतरवून ठेवलेत. आता ते कामाचे नाहीत. तरी ठेवलेत.

आणि आज दौंडला जाऊन आलो. तोच हॉल, तोच घोड्याच्या डोक्याचा फोटो. भाषण केलं नाही. फक्त फोटो लावला, लाल वायर आणि पिवळी वायर फळ्यावर काढून दाखवली, टाकीची भिंत आणि मधलं दूध सांगितलं. चार वर्षं मी इथे चुकीचं बोललो, हे सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मला आकड्यांच्या भाषणाबद्दल नारळ दिला होता तो परत देता येत नाही, एवढं म्हणालो तर थोडे हसले. तुमच्या चाळीसाव्या दिवसाला शिरूरला यायचं असेल त्यांनी माझ्याबरोबर चलावं, हेही सांगितलं.

मग ते मागच्या वेळचे, पांढऱ्या कणांबद्दल विचारणारे शिक्षक उभे राहिले. त्यांना सगळं आठवत होतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे सर, हा फोटो नेमका केला कुणी?"

मी म्हणालो, "आमच्या फ्रीजवाल्यांनी. मी मदतीला होतो."